आप्पांच्या कानासाठी केलेली चिप

कासुर्डीच्या ज्ञानदेव आप्पांचा कान काही एका दिवसात गेला नाही. एकोणीस वर्षं ते कारखान्यात पत्र्याच्या प्रेसवर उभे होते. तिथून सुटले तेव्हा घरी शेवंतीचा मळा होता, बायको होती, शिकलेली लेक होती. पण कुणाचंच बोलणं त्यांना धड ऐकू येत नव्हतं. कानाचं मशीन आणलं. त्याचा बटणाएवढा सेल चार दिवसांत संपायचा आणि आवाज कसा, तर "पातेल्यात त्वांड घालून बोलल्यावानी." महिन्याभरात मशीन डबीत गेलं. बायको, कुशाबाई, हळूहळू हातवाऱ्यांवर आल्या.

लेक प्रांजल पुण्यात चिपची आखणी करणाऱ्या एका लहानशा कंपनीत होती. कानाच्या मशीनसाठी डॅक नावाची चिप करायचं काम निघालं तेव्हा तिनं ते मागून घेतलं. मशीनच्या पोटात आवाजाचे आकडे होतात. त्या आकड्यांचा परत आवाज करतो तो डॅक. आकडा दुप्पट झाला की आवाजही नेमका दुप्पट व्हायला हवा, नाहीतर तो चिरकतो. त्यासाठी आत विजेचे कितीतरी बारीक प्रवाह अगदी सारखे लागतात. आणि सेल टिकावा म्हणून वीज कमी केली, की तेच प्रवाह लहानमोठे होतात. पहिली चिप याच पायी वाया गेली. दुसऱ्या वेळी तिनं प्रवाह आळीपाळीनं वापरले, एकाची खोट दुसऱ्यानं भरून निघावी म्हणून. यात चार वर्षं गेली. दोन स्थळं "सध्या नको" म्हणून परत गेली. अखेर चिप आली, तिनं मोजली, आणि सगळं हवं तसं निघालं.

त्याच आठवड्यात साहेबांनी सांगितलं, "गिऱ्हाईकानं परदेशातली चिप घेतली. आपलं काम इथंच थांबतंय."

शनिवारी ती चिप बसवलेला चाचणीचा बोर्ड, माईक आणि हेडफोन घेऊन गावी आली. ओसरीवर आप्पांना हेडफोन चढवला. कुशाबाई लाजत माईकपाशी म्हणाल्या, "अवं, च्या टाकू का?"

आप्पांचा चेहरा उजळला. "व्हय, व्हय! लई साफ येतंय."

प्रांजलला भरून आलं. कुशाबाई बोलत सुटल्या, म्हशीचं, मळ्याचं. "खालच्या वाफ्यातली शेवंती समदी करपली."

"व्हय, ब्येस!" आप्पा म्हणाले.

प्रांजलच्या मनात पाल चुकचुकली. ओठ दिसू नयेत म्हणून ती त्यांच्या पाठीमागे गेली आणि माईक तोंडाशी धरला.

"आप्पा, आमचं काम बंद पडलं. ही चिप आता कुणाच्याच कानात जायची नाही."

"व्हय," आप्पा मळ्याकडं बघत हसले. "लई साफ."

तिनं हेडफोन उतरवला, समोर बसली आणि कागदावर लिहून विचारलं, शब्द कळतात का?

त्यांनी कागद वाचला आणि घडी करून खिशात ठेवला. "आवाज येतोय, पोरी. चिरकत बी न्हाई. पर त्यात शबूद न्हाई सापडत. तू येवढं केलंस, म्हनून म्हनलं..."

सोमवारी पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून तेच सांगितलं. आतली नसच गेली आहे. आवाज कितीही स्वच्छ दिला तरी बोलणं उमगायचं नाही. चिपमध्ये खोट असती तर प्रांजलनं आणखी चार वर्षं घातली असती. पण चिपमध्ये खोट नव्हती.

आता ती चार्जरच्या चिप करणाऱ्या दुसऱ्या कंपनीत आहे. बरं चाललंय, म्हणते. रविवारी गावी आली की आप्पांशेजारी फुलं निवडत बसते. आप्पा तिच्याकडं बघून मान हलवतात. तीही हलवते.