एक्केचाळिसावा माणूस

मुंबईचं पोस्टिंग मला अठ्ठाविसाव्या वर्षी मिळालं. हुद्दा नाईक, ट्रेड नर्सिंग असिस्टंट. त्याआधी तीन वर्षं डोंगरावर काढली होती, त्यामुळे पश्चिम उपनगरातली ती छावणी मला सुखाची वाटली. नळाला पाणी होतं. रविवारी आउटपास मिळाला की बोरिवलीच्या चर्चमध्ये मराठी उपासनेला जाता येत होतं. छावणीत एक इन्फन्ट्री बटालियन होती. तिच्या एमआय रूममध्ये, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, माझं काम. पण मी त्या बटालियनचा नव्हतो. मी तिथं अटॅच्ड होतो.

हा फरक सैन्याबाहेरच्या वाचकांना सांगायला हवा. अटॅच्ड माणूस पलटणीत जेवतो, झोपतो, काम करतो. पण त्याची कागदपत्रं, बढती, बदली हे सगळं दुसरीकडून चालतं. सकाळच्या फॉल-इनला कंपन्या आपापल्या रांगांत उभ्या राहतात. आम्ही अटॅच्ड तिघं बाजूला उभे राहायचो. सगळी मोजणी झाली की शेवटी कोणीतरी म्हणायचं, "अटॅच्ड तीन." कधी कधी म्हणायचं राहून जायचं. त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता.

पहिल्याच सोमवारी, ०६०० च्या फॉल-इनच्या आधी, चार्ली कंपनीचा एक हवालदार माझ्यासमोर येऊन उभा राहिला. बुटका, रुंद खांद्यांचा, चाळिशीच्या जवळ आलेला.

"काय रे भाडेकरू, खंयचो तू?"

"राहुरीकडचा, हवालदार साहेब. योहान साळवे."

"जेवतंस खंय?"

"चार्लीच्या लंगरमध्ये."

"मगे चार्लीत उभो रव. जेवूक आमच्यात आणि मोजूक भायर? ह्या काय बरा नाय."

ते हवालदार रमाकांत घाडी. मूळ गाव कुडाळच्या बाजूचं. वडील परळला गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर कुटुंब जोगेश्वरी पूर्वेला आलं. घाडींची सतरा वर्षं नोकरी झाली होती आणि घराजवळचं हे पहिलंच पोस्टिंग. शनिवारी संध्याकाळी घरी जायचं, रविवारी संध्याकाळी परत. येताना वहिनींनी दिलेला सुक्या जवळ्याचा डबा असायचा आणि तो बराकीत दहा मिनिटंही टिकत नसे.

त्या दिवसापासून मी चार्लीच्या तिसऱ्या रांगेत उभा राहू लागलो आणि सगळे मला 'डाक्टर' म्हणू लागले. कंपनीत ख्रिस्ती मी एकटाच होतो. मंदिर परेडला मी सगळ्यांबरोबर जायचो आणि मागं उभा राहून माझी प्रार्थना मनात करायचो. कोणी कधी काही विचारलं नाही. रविवारी मी निघालो की घाडी गेटपाशी गाठायचे.

"तुझ्या देवाक माझो नमस्कार सांग."

आणि परतल्यावर पहिला प्रश्न, "सांगलंस?"

एकदा मी विसरलो होतो. खरं सांगून टाकलं. त्या आठवड्यात मला त्यांनी तीन वेळा जनरेटरचं डिझेल वाहायला लावलं.

त्याच वर्षी मी मुक्त विद्यापीठाची बीएची शेवटची परीक्षा दिली. माझे वडील साखर कारखान्यावर उसाच्या गाड्या उतरवायचे. घरात दहावीच्या पुढं कोणी गेलं नव्हतं. परीक्षेच्या आठ दिवसांत माझ्या कंपनीतल्या सगळ्या जादा ड्युट्या घाडींनी वाटून घेतल्या, स्वतःकडे सर्वांत जास्त. निकाल लागला तेव्हा लंगरमध्ये जिलेबी आली. घाडी सगळ्यांसमोर म्हणाले, "आता बीए झालंस. आता तरी सुई हळू टोच."

हे सगळं मी सुखाचे दिवस म्हणून सांगतो आहे. ते तसेच होते.

ऑगस्टमधली एक सकाळ. चार दिवस पाऊस थांबला नव्हता. ०५२० ला फोन आला. घाटकोपरच्या एका टेकडीवर दरड कोसळून घरं गाडली गेली होती. नागरी प्रशासनाच्या मदतीला एक कॉलम, म्हणजे जवानांची तुकडी, पाठवायचा होता. चार्लीच्या क्लार्कनं नॉमिनल रोल, म्हणजे जाणाऱ्यांची नावांची यादी, टाइप केली. कॅप्टन साहेब धरून चाळीस नावं. मेडिकल ऑफिसरनी शेवटच्या पाच मिनिटांत मला तोंडी हुकूम दिला, "साळवे, तू पण जा." मी औषधांची हॅवरसॅक उचलली आणि ॲम्ब्युलन्समध्ये बसलो. ड्रायव्हरनं गृहीत धरलं की मी कॉलमच्या यादीत असणार. कॉलमनं गृहीत धरलं की मी ॲम्ब्युलन्सच्या यादीत असणार. मी दोन्हीकडे नव्हतो.

०६५५ ला आम्ही टेकडीच्या पायथ्याशी पोहोचलो. गाड्या खाली राहिल्या. वर अरुंद पायऱ्यांच्या गल्ल्या होत्या. अग्निशमन दलाचे लोक पहाटेपासून काम करत होते. कॅप्टन साहेबांनी पायथ्याच्या बालवाडीचं अंगण असेम्ब्ली पॉइंट ठरवलं. वरच्या अंगाला एक जुनी संरक्षक भिंत अजून उभी होती आणि तिला तडे गेले होते. तिच्यावर नजर ठेवायला एक सेंट्री बसवला. तीन लांब शिट्ट्या म्हणजे सगळ्यांनी सगळं सोडून खाली यायचं.

०८५० च्या सुमारास घाडींच्या तुकडीला एका घराच्या ढिगाऱ्याखालून आवाज आला. स्लॅब एका बाजूनं टेकला होता आणि खिडकीएवढी फट उरली होती. घाडींनी माझ्याकडे पाहिलं.

"तूच बारीक आसंस. जातंस?"

मी पोटावर सरपटत आत गेलो. सात-आठ फुटांवर साठीच्या एक बाई होत्या. मंदाबाई त्यांचं नाव. उजव्या पायावर लोखंडी कपाट पडलेलं. मी टॉर्च मारला तशी त्या म्हणाल्या,

"आधी गॅस बंद कर रे बाबा. कुकर लावलेला."

"मावशी, गॅस बंद आहे. तुमचा पाय बघू दे."

"पायाचं काय बघतोस? कुकर नवीन आहे माझा."

रक्त जात होतं. मी मांडीला पट्टा आवळला, सलाइन लावलं, जखम दाबून धरली. मग बाहेर ओरडलो, "कपाट उचलल्याशिवाय निघणार नाहीत. जॅक पाहिजे."

"आणतंय," घाडी म्हणाले आणि जॅक आणायला स्वतः खाली गाडीकडे गेले.

०९३२ ला तीन लांब शिट्ट्या झाल्या.

इथं मला एक गोष्ट लिहून ठेवायची आहे. ती मी मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्येही, सांगितली आहे. शिट्ट्या ऐकल्यावर मी बाहेर जायला वळलो होतो. मंदाबाई म्हणाल्या, "जा बाबा, तू जा," आणि मी वळलो. हॅवरसॅकचा पट्टा एका सळईत अडकला म्हणून मी तिथं राहिलो. लोक मला शूर म्हणतात तेव्हा मी ही सळई सांगतो.

पुढचं मला नंतर नाईक शिंदेनं सांगितलं. तो अंगणात होता. सगळे धावत खाली आले, फॉल-इन झाले, मोजणी झाली. वायरलेसवर विचारणा आली.

"चार्ली, हेडकाउंट. ओव्हर."

"चार्ली. फोर झिरो. ऑल ओके. ओव्हर."

यादीप्रमाणे बरोबर होतं. बाकीच्यांना वाटलं, मी आधीच ॲम्ब्युलन्सकडे उतरलो असेन. घाडी जॅक खांद्यावर घेऊन रांगेत उभे होते. त्यांनी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं.

"साब, गिनती पूरी नहीं है."

"घाडी, चालीस हैं. रोल में चालीस हैं."

"रोल में चालीस हैं, साब. हम एकतालीस आए थे. डाक्टर अंदर है."

कॅप्टन साहेबांनी वर भिंतीकडे पाहिलं. शिंदे म्हणतो, ते तेव्हा सव्वीस वर्षांचे होते आणि एकदम लहान दिसले.

"रोल में नहीं तो किसका है वो?"

"हमारा है, साब."

"पाँच मिनट. मैं घड़ी देख रहा हूँ."

०९३६ ला फटीत घाडींचं डोकं दिसलं. पुढं जॅक, मागं ते. त्यांनी चाकूनं माझा अडकलेला पट्टा कापला. मला वाटलं, आता मला ओढतील. त्यांनी जॅक कपाटाखाली सरकवला.

"साहेब, भिंत—"

"म्हायत आसा. तू म्हातारेक धर. मी वर घेतंय, तू वड."

कपाट चार बोटं उचललं गेलं. मी मंदाबाईंच्या काखेत हात घालून मागं सरकू लागलो. घाडी त्यांच्या पायाकडून ढकलत होते. फटीच्या तोंडाशी शिंदे आणि अग्निशमन दलाचा एक जवान आले होते. त्यांनी मला ओढलं, मग मंदाबाईंना. घाडी शेवटी होते. खांदे बाहेर आले होते त्यांचे. ०९४१ ला भिंत आली.

त्यांना काढायला अकरा मिनिटं लागली. मी पंचवीस मिनिटं सीपीआर दिला. मग मेडिकल ऑफिसर पोहोचले आणि त्यांनी माझा हात धरून थांबवलं.

मंदाबाईंचा पाय वाचला, दोन बोटं गेली. आता त्या ट्रॉम्बेला लेकीकडे असतात आणि अजून कुकरचं नाव काढतात.

पंधराव्या दिवशी मी जोगेश्वरीला घाडींच्या घरी गेलो. गणवेशात गेलो. काय बोलायचं ते गाडीत चार वेळा म्हणून पाहिलं होतं. दार सुनंदा वहिनींनी उघडलं. त्यांनी मला आधी कधी पाहिलं नव्हतं, तरी म्हणाल्या, "डाक्टर ना तू? ये."

मी बसलो नाही. उभ्यानंच म्हणालो, "वहिनी, माझं नाव यादीत नव्हतं. ते आले नसते तर कोणाच्या लक्षातही आलं नसतं. मला माफ करा."

त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढं ठेवला. मग म्हणाल्या, "खोटं कशाला बोलू? राग येतो तुझा. सकाळी चहाला दोन कप काढते ना, तेव्हा येतो."

"बरोबर आहे, वहिनी."

"काय बरोबर आहे? गप बस जरा. हे बघ, ते घरी आले की तुझंच चालायचं. आमचो डाक्टर असो, आमचो डाक्टर तसो. बीए झालास तर असे नाचत आले होते, जसा मीच पोरगा जन्माला घातलाय. आता तू असा मेल्यासारखा येऊन उभा राहिलास तर त्यांनी कशाला काढला तुला? जिवंत माणूस बाहेर काढलाय त्यांनी. जिवंतासारखा वाग. बस. जेव."

मी बसलो. जेवलो. भाताबरोबर जवळ्याची चटणी होती. तिखट होती, आणि डोळ्यांत पाणी यायला मला ते कारण पुरलं.

त्याआधी विश्वासाबद्दल माझी समजूत अटॅच्ड माणसासारखी होती, हे मला पुढं हळूहळू कळलं. देव मला अन्न देतो, मी ड्युटी करतो, उपासना चुकवत नाही. ड्युटीत कसूर झाली की माझी जागा गेली. एखाद्या सकाळी मी रांगेत नसलो तर त्याला कळणारही नाही, असंच आतून वाटायचं. लहान गावातून आलेल्या, प्रत्येक दारात आधी थांबून परवानगी विचारायची सवय असलेल्या माणसाला असं वाटतं. टेकडीवरून उतरल्यावर तसं वाटेना. मी बाहेर पळायला वळलो असतानाही कोणीतरी मला आपला म्हणून मोजत होतं. मी तेव्हा काहीही कमावलं नव्हतं. प्रभूनं आपल्यासाठी प्राण दिला हे मी लहानपणापासून ऐकत होतो, आणि ऐकून ऐकून ते गुळगुळीत झालं होतं. चिखलानं भरलेले बूट घातलेल्या एका माणसानं मला ते शिकवलं. तो माणूस माझ्या देवाला फक्त नमस्कार पाठवायचा.

आणि मंदाबाई तर त्यांच्या कोणीच नव्हत्या. मला एकट्याला ओढून ते वेळेत बाहेर पडू शकले असते. मी पुष्कळ वेळा तो हिशेब मिनिटांत करून पाहिला आहे. आधी जॅक लावायचा हे त्यांनी ठरवलं सुद्धा नसावं. त्यांचे हात तिकडे गेले.

नोकरीची मुदत संपवून मी मुलुंडला स्थायिक झालो. एका दवाखान्यात ड्रेसिंगचं काम करतो. शनिवारी दुपारी वस्तीतल्या ज्या म्हाताऱ्यांना मधुमेहाच्या जखमा आहेत आणि जिने उतरवत नाहीत, त्यांच्याकडे जातो. ते कोणत्या देवाचे ते विचारत नाही. बायको म्हणते, माझी रजा कधीच नसते. मला रजा नको आहे. माझं बरं चाललं आहे. वहिनींची मुलगी यंदा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पट्टी कशी बांधावी यावरून माझ्याशी फोनवर भांडते.

दर ऑगस्टमध्ये, त्या तारखेनंतरच्या रविवारी, आमच्या मंडळीत आभाराच्या प्रार्थनेच्या वेळी मी उभा राहतो आणि नाव घेतो. हवालदार रमाकांत घाडी. पहिल्या वर्षी उपासना संपल्यावर सगुणाआजींनी मला दारात अडवलं. त्या आमच्या मंडळीतल्या सर्वांत वयस्कर, आणि त्यांना सगळ्याचं सगळं विचारायचं असतं.

"काय रे योहान, ते घाडी आपल्यातले होते का?"

"नाही, आजी. मी त्यांच्यातला होतो."

आजींनी चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं, काठी टेकली आणि निघून गेल्या.

पुढच्या वर्षी मी उभा राहायच्या आधीच आजी उभ्या राहिल्या. डोळे मिटून, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी देवाचे आभार मानले, आमच्या सुभेदार रमाकांत घाडींसाठी. हुद्दा दोन पायऱ्या वर गेला होता. सगळ्यांनी आमेन म्हटलं. मीही म्हटलं, आणि दुरुस्ती केली नाही.