मलेरियाचा दाखला

"हा मलेरिया नाहीच," डॉक्टर बाई म्हणाल्या. "काळा आजार आहे. इंग्रजीत लेशमनायसिस म्हणतात." त्यांच्या हातात बोन मॅरोचा रिपोर्ट होता. बोन मॅरो म्हणजे हाडातला मगज. आमच्या यांच्या छातीच्या हाडात सुई घालून तो काढला होता.

मी कॉटवर यांच्या पायांशी बसले. चार महिने माणूस मलेरियाच्या गोळ्या खात होता, आणि त्याला कारण आम्ही दोघं.

एकोणीसशे ऐंशीनंतरची ही गोष्ट. आम्ही वाशीला राहायचो, हे कारखान्यात क्लार्क. ऑक्टोबरात कॉलनीतली मंडळी बुद्धगया, वैशालीला निघाली. यांना रजा मिळेना. मग सगळे करतात तेच यांनी केलं. ओळखीच्या डॉक्टरकडून मलेरियाचा दाखला आणला आणि गेले. दाखला ऑफिसात नेऊन देणारी मीच. चेहरा पाडून साहेबांना म्हणाले होते, "फार ताप आहे हो यांना."

फेब्रुवारीत खराच ताप आला. दिवसातून दोनदा चढायचा. कारखान्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फाइल उघडली तर वर तोच दाखला. "जुना मलेरिया उलटलाय," म्हणाले. रक्त तपासलं, काही सापडलं नाही. "कधी कधी सापडत नाही," म्हणाले. पुन्हा गोळ्या. पुन्हा रक्त. फाइल जाड होत गेली आणि हे बारीक.

पोट डाव्या बाजूनं फुगलं, अंग काळवंडलं. रोज दवाखान्याच्या बाकावर नंबर लावून बसायचं आणि रोज तेच ऐकायचं. मी यांना म्हणायचे, "अहो, बिहारला गेलो होतो म्हणून सांगा ना." तर हे म्हणायचे, "नोकरी घालवतेस का माझी? होईन मी बरा." डोकं फिरायचं माझं. पण मीही गप्पच बसायचे. साहेबांसमोर नाटक मीच केलं होतं ना.

जूनमध्ये नाकातून रक्त आलं तेव्हा मुंबईच्या मोठ्या सरकारी इस्पितळात नेलं. तिथं डॉक्टर बाईंनी विचारलं, "ऑक्टोबरातला मलेरिया किती दिवस होता?"

हे खिडकीकडे बघायला लागले. बघा म्हटलं खिडकीकडे.

"तो खोटा होता," मी म्हणाले. "हे तेव्हा वैशालीजवळ एका खेड्यात होते. गोठ्याला लागून मातीच्या घरात चार रात्री झोपले."

बाईंनी फाइलवर काट मारली. "हे चार महिन्यांपूर्वी सांगायला काय झालं होतं?" दुसऱ्याच दिवशी बोन मॅरो झाला.

नंतर त्यांनी समजावलं. वाळूमाशी नावाची माशी असते, डासाहून बारीक. भिंतींच्या भेगांत, गोठ्यात राहते, चावायला येते तेव्हा आवाजही करत नाही. तिच्यातले परजीवी, म्हणजे आपल्या अंगात राहून आपल्यावरच जगणारे जीव, रक्तात शिरतात आणि पोटात डावीकडे असते ती प्लीहा सुजवतात. काही देशांत कुत्र्यांनाही हा आजार होतो. आणखी महिनाभर उशीर झाला असता तर हे हाती लागले नसते, असंही त्या म्हणाल्या. मला तिथंच रडू फुटलं.

अँटिमनी या धातूपासून केलेली इंजेक्शनं रोज एक, वीस दिवस. आठव्या दिवशी ताप उतरला. पंधराव्या दिवशी यांनी जेवणात मीठ कमी आहे म्हणून कुरकुर केली. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही, बोलणी खाल्ली तरी.

तुमच्या घरात असा ताप हटत नसेल, तर माणूस कुठं गेला, कुठं झोपला, सगळं डॉक्टरांना सांगा. ऑफिसला काय सांगितलंय ते ऑफिसपुरतं ठेवा.

इस्पितळाच्या कागदांवरून ऑफिसात सगळं कळलं, पण नोकरी गेली नाही. लेखी ताकीद मिळाली, ती मी रेशनकार्डाबरोबर ठेवलीय. पुढच्याच वर्षी यांच्या चुलतभावाचं लग्न होतं. अर्जात 'लग्नासाठी' असंच मी समोर बसून लिहून घेतलं. साहेबांनी रजा नाकारली. चार दिवस हे माझ्यावर धुसफुसत घरात फिरत होते. फिरू देत. घरात फिरतायत, एवढं मला पुरे होतं.