फ्यूज त्यांच्या खिशात

सई पाण्याच्या मोटरला चिकटली होती. अनवाणी, पाण्यात, फ्रॉक भिजलेला, दोन्ही हात मोटरभोवती आणि गाल लोखंडावर. हलत नव्हती. माझी सात वर्षांची नात... मला वाटलं, गेली.

करंट लागलेल्या माणसाला हात लावायचा नसतो, कोरड्या लाकडानं ढकलायचं असतं, एवढंच आठवलं. धुणं वाळत घालायची काठी उचलली आणि पोरीच्या खांद्यावर हाणली.

"आजीऽ! मारतीस का गं?" सई भोकाड पसरून म्हणाली. "माझी चप्पल अडकलीय मागं!"

मोटर बंद होती. टाकी वाहायला लागली म्हणून मी बाहेर आले, तोवर तर मोटर घरघरत होती. लाइट गेली म्हणावं, तर आत सुनेचा मिक्सर चालू. मोटरचं बटणही चालूच. पडवीतल्या बोर्डाकडं पाहिलं. मोटरच्या फ्यूजची जागा रिकामी.

हे साताऱ्यातलं आमचं घर, गेल्या उन्हाळ्यातली सकाळ. सून म्हणाली लिहून मासिकाला पाठवा, म्हणून लिहितेय. माझं शिक्षण चौथी. भूतखेत, देवऋषी मी कधी मानलं नाही. सासूच्या अंगात यायचं, तेव्हा मी भाकऱ्या थापत बसायचे. आमचे हे गेले, त्यांच्या तोंडात शेवटचं पाणी मी घातलं. माणूस गेला की गेला.

हे इंजिनिअर. सगळी नोकरी कुपवाडच्या एका कारखान्यात, मशिनं दुरुस्त करण्यात गेली. राहायला आम्ही सांगलीत. मशीन उघडण्याआधी त्याचा फ्यूज उपटायचा आणि स्वतःच्या खिशात घालायचा, ही त्यांची रीत. आपण आत हात घातलेला असताना दुसऱ्यानं चालू करू नये म्हणून. एकदा तसाच खिशात घेऊन घरी आले. मागोमाग दोन माणसं मोटारसायकलवर दारात हजर. "वहिनी, साहेबांचा खिसा बघा जरा, शेड बंद हाय समदी!" मी ह्यांना म्हटलं, "आवं, उद्या कारखानाच खिशात घालून आणा." हसले नाहीत. "हात तुटण्यापेक्षा शेड बंद बरी," म्हणाले.

मुलाची नोकरी साताऱ्यात. सई झाली आणि ह्यांनी सांगली सोडली. ज्या माणसानं स्वतःच्या मुलाला कधी कडेवर घेतलं नाही, तो नातीच्या वेण्या घालायला शिकला. वाकड्या घालायचा, पण घालायचा. घरात काही दुरुस्त करताना ती शेजारी बसलेली. वस्तूला हात लावण्याआधी तिनं विचारायचं, "आबा, फ्यूज कुठाय?" ह्यांनी खिसा थोपटायचा. "हाय हितं." मग हात लावायचा. मुलानं नवा बोर्ड बसवू म्हटलं, तर म्हणाले, "नव्यातलं काही खिशात घालता येत नाही." म्हणून चिनीमातीचे जुने फ्यूज तसेच राहिले.

दिवाळीआधी हे गेले. पुढं मोटर बिघडली, मुलानं कुणाकडून तरी स्वस्तात जोडून आणली.

त्या सकाळी गल्लीतला वायरमन हणमंत आला. दुसरा फ्यूज बसवला, टेस्टर मोटरच्या अंगाला लावला. दिवा लागला. हणमंतानं आधी बटण बंद केलं. "काकू, वायर उघडी हाय आत. समद्या मोटरीत करंट खेळतोय. पोरगी ऱ्हायली नसती हो."

"मग फ्यूज काढला कुणी?" मी म्हटलं.

मुलगा ऑफिसात होता. सून मिक्सरपाशी. बोर्ड उंचावर, स्टुलाशिवाय माझा हात पोचत नाही, आणि माझे गुडघे मला स्टुलावर चढू देत नाहीत. फाटकाला आतून कडी. आम्ही पडवी, हौद, झाडांच्या कुंड्या, सगळं धुंडाळलं.

सई म्हणाली, "शोधताय काय? मी विचारलं ना, आबा, फ्यूज कुठाय. मग मोटर थांबली. मग मी हात लावला."

सुनेनं पोरीला ओढून जवळ घेतलं. मला राग आला. पोरीच्या डोक्यात असलं खूळ नको, म्हणून तिला धरून कपाटापाशी नेलं. ह्यांचे कपडे मी वाटून टाकले होते. एक शर्ट ठेवला, तोही मायेनं नाही, नवा होता म्हणून. कपाटाची किल्ली माझ्या कमरेला असते. उघडून म्हटलं, "बघ, काय हाय त्यात? कापड हाय नुसतं."

खिसा जड होता.

फ्यूज बाहेर काढला. एका कोपऱ्याचा टवका उडालेला... तो माझ्यासमोरच ह्यांच्या हातून फरशीवर पडून उडाला होता. त्यानंतर तो बोर्डात मोटरच्या जागीच होता. हणमंतानं हातात घेतला, तसाच परत माझ्या हातात दिला, आणि पैसे न घेता गेला.

मुलगा संध्याकाळी म्हणाला, "आई, बाबांनीच कधीतरी ठेवला असेल."

"मग सकाळी मोटर कशावर चालली?"

शर्ट मी परत कपाटात ठेवला. मोटर भंगारात घातली.

सई आता तिसरीत आहे. वेणी स्वतःची स्वतः घालते, वाकडी.