फाटकासमोरची फरशी

वनितामावशींनी मला या परक्या शहरात पहिली भाकरी दिली, तळ्याकाठच्या हॉटेलात फाटकावरचं कामही त्यांनीच मिळवून दिलं. आज त्याच फाटकासमोरच्या निखळलेल्या फरशीवर त्यांचा पाय मुरगळला आणि टोपलीतले गजरे चिखलात पडले.

जागा नगरपालिकेची, हॉटेलच्या शेठनी भाडेपट्ट्यानं घेतलेली. पायवाटेची देखभाल करारानं शेठकडेच आहे. तरी पढवल्यासारखं माझ्या तोंडून निघालं, "मावशी, फरशी नगरपालिकेची हो."

त्या गजरे झटकत हसल्या. "काल इथं टेकले तर म्हणालास, खाजगी जागा आहे, उठा. आज नगरपालिकेची झाली होय रे?"

माझी मान वर होईना. माणसं उठवायला जागा आपली, दुरुस्तीला दुसऱ्याची. गावच्या घराचंही माझं तसंच आहे. चारचौघांत 'माझं घर' म्हणतो, गळकी कौलं मात्र भावानं बघायची. शाळा सातवीत सुटली, तरी एवढं बरं शिकलो.

मावशी लंगडत गेल्या. फरशी अजून डुगडुगतेय. शेठ म्हणतात, "हात लावू नकोस, लावला की आपली होते." नोकरीची भीती वाटतेच. तरी उद्या त्या यायच्या आत मी ती बसवीन. त्या भाकरीची फेड एवढ्यानं होणार नाही; तीही एक दिवस करीन, मावशी.