'ळ'च्या पोटातली रेघ

"जाड रेघ कोणबी वडंल. बारीक वडून दाव की," म्हणत मामा ब्रश माझ्यापुढं धरायचे. मी कॉम्प्युटरवर बसणारी बाई, माझी रेघ गांडुळागत जायची. मामा खूश व्हायचे.

कोल्हापुरात आमच्या छापखान्यात लग्नपत्रिकांवरची नावं तेच काढत. तुम्हीही पाहिली असतील ती अक्षरं. दांडा भरदार आणि वळणाला केसाएवढी रेघ. मालकांनी त्या अक्षरांचा कॉम्प्युटरसाठी फॉन्ट करायचं ठरवलं आणि त्याच वर्षी मामांना कंपवात झाला. कसलं मेलं नशीब म्हणायचं हे.

गोळी घेतली की हात तासभर स्थिर राहायचा. मामा ती घरी घेतच नसत, छापखान्यात येऊन घेत. हात थांबला की मालक मशीन बंद करायला लावत, हादरा नको म्हणून. मग मामा श्वास रोखून फक्त बारीक रेघा ओढायचे. जाड भाग मागाहून मी भरायची. मामी माझ्यावर तणतणायची, "घास तोंडापतूर जात न्हाई, आन् ह्यास्नी अक्षरं सुचत्यात." तिचं तरी काय चुकलं?

तासाचा अर्धा तास झाला, पुढं दहा मिनिटं. शेवटी 'ळ'च्या पोटातली तेवढी एक रेघ राहिली आणि गोळी लागूच पडेना. तीन दिवस आम्ही नुसते घड्याळाकडं बघत बसलो. चौथ्या दिवशी मामा म्हणाले, "मनगट धर माझं. घट्ट."

मी धरलं. रेघ सरळ उतरली. मामांनी ती भिंगातून बघितली आणि कागद उलटा ठेवला.

"ही तुझी हाय. माझी न्हाय."

दुसऱ्या दिवसापासून ते आलेच नाहीत. आठवड्यानं मी त्यांच्या घरी गेले, तर गोळ्यांचं पाकीट तसंच पडलेलं. "आता कशापायी गिळू?" मामा म्हणाले. मामी चुलीकडं तोंड करून रडत होती. माझं डोकंच फिरलं आणि मी चक्क खोटं बोलले.

"मामा, कागदावर चहा सांडला. 'ळ' परत काढायला लागतोय."

खोटं माझ्या तोंडावर दिसतं, त्यांना कळलंच असणार. तरी त्यांनी गोळी मागितली. मामीनं पाणी दिलं. मी मनातल्या मनात अंबाबाईला हात जोडले, एवढी एक रेघ होऊ दे म्हटलं. तास गेला, दुसरा गेला. हात थांबला नाही.

"तुझीच ऱ्हाऊ दे ती," मामा हळूच म्हणाले. "कुणाला सांगू नगं."

मग मामीनं ताट आणलं आणि मामांनी तिच्या हातून निमूट घास घेतला. मला तिथं बसवेना.

मामा आता नाहीत. लोक त्या फॉन्टमधली पत्रिका हातात घेऊन म्हणतात, काय हात होता हो मामांचा. मी मान हलवते आणि 'ळ'वर अंगठा ठेवते.