धानाच्या कोठीतला लॅपटॉप

मित्रांनो, शाळेनं मुलींना दिलेले लॅपटॉप आज मी वर्षभरानं तपासायला मागवले.

नववीतल्या ममताचा लॅपटॉप अगदी कोरा, पडद्यावरचं प्लास्टिकही निघालेलं नव्हतं. पण तो सुरूच होईना. बॅटरी गेलेली, फटींतून धानाचा भुसा सांडत होता.

"कुठं ठेवला होतास?" मी ओरडलो.

सोबत आलेली तिची आई म्हणाली, "धानाच्या कोठीत, सर. तुमीच तं म्हटलं होतं, खराब झाला तं वापस घेऊन जाऊ. मंग पोरगी कायले उघडते?"

ममता हळूच बोलली, "मी रोज धानात हात घालून पाहत होती, हाये का म्हणून."

मी फक्त धाक घातला होता. वापरायचा कसा, हे एकदाही सांगितलं नव्हतं.

सांगा, तो लॅपटॉप कोणी खराब केला?