दसऱ्याची बदली

धंतोलीतल्या एका खासगी दवाखान्यात मी एकवीस वर्षं आया होते. शिक्षण चौथीपर्यंत. आमच्या घरी माग होता. तो बंद पडल्यावर नवऱ्यानं चौकीदारी धरली आणि मी दवाखाना. पेशंटला संडासचं भांडं द्यायचं, अंग पुसायचं, चादरी बदलायच्या. पेशंट काही सण पाहून आजारी पडत नाही, म्हणून आम्हाला सणाची सुट्टी नसे.

पण आम्ही बायांनी आपसांत एक सोय लावली होती. आमच्यातल्या निम्म्या हिंदू, निम्म्या बौद्ध. त्यांना दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचं असे, आम्हाला दिवाळी हवी असे. म्हणून जोड्या केल्या होत्या. दसऱ्याला आम्ही त्यांच्या जागी उभं राहायचं, लक्ष्मीपूजनाला आणि भाऊबीजेला त्यांनी आमच्या जागी. कागदावर काही नाही, इन्चार्ज सिस्टरच्या कानावर घातलं की झालं. दसरा आमचाही सण, पण सोनं संध्याकाळी घरी येऊनही वाटता येतं.

माझी जोडीदारीण माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. नवरा गेलेला, पोरगी लग्न होऊन पुण्याला. बोलायला तिखट, कामाला चोख. आठ वर्षं आमची बदली बिनबोभाट चालली.

नवव्या वर्षी तिची म्हातारी आई पवनीकडच्या खेड्यातून येणार होती. लहानपणी ती बापाच्या खांद्यावर बसून दीक्षाभूमीवर आली होती, नंतरही बरेचदा आली, पण गुडघे गेल्यापासून येणं सुटलं होतं. गावच्या टेम्पोत बसून एकदा शेवटचं येते म्हणाली. दसऱ्याला तिकडचे रस्ते बंद असतात, ऑटो लांबच सोडतो. पुढं गर्दीतून चालताना म्हातारीचा हात धरायला कोणीतरी हवं. घरात त्या दोघीच.

‘‘यंदा मले दिवसभर लागन वं,’’ ती आठ दिवस आधीच म्हणाली. ‘‘आई दर दहा पावलांवर बसन.’’

‘‘बसू दे ना. मी हावो इथं,’’ मी म्हटलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी माझ्या मुलानं जुनी गाडी विकत आणली. चार चाकांची, आमच्या घरातली पहिली. म्हणाला, सकाळी पूजा करू आणि पहिली फेरी रामटेकला. ‘‘आई, तू समोरच्या सीटवर.’’ सून म्हणाली, ‘‘पण आईची ड्युटी हाय ना?’’ मी म्हटलं, मिळाली सुट्टी.

सकाळी सहाला सिस्टरला फोन केला. ताप आहे, उठता येत नाही. मूळ यादीत त्या दिवशी माझ्या जोडीदारणीचंच नाव होतं, म्हणून सिस्टरनं तिला बोलावलं. हे असंच होणार, हे मला फोन करतानाही माहीत होतं. तिचं जाणं म्हणजे गर्दीत फिरून येणं, पुढच्या वर्षीही होईल, असं मी मनाला सांगितलं. माझी सुट्टी ती सुट्टी, तिची नुसती गर्दी. असा विचार केला होता मी, तो लपवण्यात अर्थ नाही.

रामटेकला मजा आली, खोटं कशाला सांगू. समोर बसून मी रस्ताभर धानाची शेतं पाहिली. गडावर चढताना माकडानं माझ्या हातातला नारळ ओढला आणि मनगटावर चार ओरखडे काढले. मुलगा हसला, मीही हसले.

दुसऱ्या दिवशी कामावर गेले. जोडीदारीण माझ्याआधी आली होती.

‘‘बस तू. कालचा ताप हाय, वाकू नको,’’ म्हणाली आणि माझ्या वाटणीची दोन भांडी तिनंच उचलली. मला चहा आणून दिला. तो मी प्यायले.

कप घेताना बाही वर गेली.

‘‘कशाचं वं हे?’’

‘‘मांजरानं ओरबाडलं.’’

तिनं माझा हात उजेडाकडं धरला. इतकी वर्षं मीही जखमा पाहिल्या, तिनंही पाहिल्या. एवढ्या लांब बोटांचं मांजर नसतं. माझ्या केसांत अजून देवळातलं कुंकू होतं, ते मला घरी गेल्यावर आरशात दिसलं. तिला तेव्हाच दिसलं असणार.

तिनं मला नळाखाली नेलं, साबण लावून पंधरा मिनिटं हात धुतला. चोळताना दुखत होतं. मग म्हणाली, ‘‘मांजर असो का माकड, इंजेक्शन घेऊन टाक. सगळे डोस घेजो. नाही तर खरंच ताप येईन.’’

मी विचारलं, ‘‘आई?’’

‘‘सकाळीच गेली गावच्या टेम्पोत.’’ तिनं माझा हात पुसला. ‘‘काल पांढरं पातळ नेसून दारापाशी बसून होती. मी आठले घरी गेली, तवाही तशीच बसून होती. जेवली पण नव्हती. म्हणे, तू आली की निघू.’’

त्यानंतर तिनं हा विषय काढला नाही. मी मात्र दिवाळीची वाट पाहत होते. वाटलं, आता ती बदली करणार नाही, आणि तेच बरं. फिटून जाईल.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी ती कामावर हजर होती. सिस्टरला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, माझी बदली आहे म्हणून. भाऊबीजेलाही आली. माझा भाऊ आला, मी ओवाळलं, त्याला जेवू घातलं. दुपारी डब्यात करंज्या भरून दवाखान्यात गेले.

‘‘तू घरी जाय, मी थांबतो,’’ मी म्हटलं.

‘‘काहून? माह्या घरी आज काय हाय? तुयी सुट्टी हाय, तू खाय.’’

‘‘गाडी हाय आमची. कोण्याही रविवारी तुह्या आईले घेऊन येऊ. गर्दी पण नसन, सरळ दारापर्यंत नेऊ.’’

ती चादर घालत होती. चारी कोपरे दाबून झाल्यावर बोलली.

‘‘आईले गर्दीच पाहाची होती, बाई. सगळे येतात ना त्या दिवशी.’’

करंज्या तिनं घेतल्या. पेशंटच्या नातेवाइकांना वाटल्या.

पुढच्या दसऱ्याला मी तासभर आधी जाऊन उभी राहिले. तोवर म्हातारी खाटेला खिळली होती. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत एकही दसरा चुकवला नाही, तापातसुद्धा एकदा गेले. त्यानं काय होतं? काही नाही.

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. यंदा दिवाळीत सांगावं लागलं. सून आता मॉलमधल्या कपड्याच्या दुकानात आहे. लक्ष्मीपूजनाची सुट्टी तिनं घेतली आणि भाऊबीजेला सोबतच्या पोरीच्या जागी जाते म्हणून कबूल केलं. मग सुनेच्या भावाचा फोन आला, सकाळीच येतो म्हणून.

‘‘आई, तापाचं सांगून देऊ का? एका दिवसानं काय होते?’’

‘‘त्या पोरीच्या घरी कोण येऊन राहिलं त्या दिवशी?’’

‘‘मले काय मालूम.’’

‘‘मंग आधी इचार.’’

तिनं विचारलं नाही, तेव्हा मी तिला मनगटावरचे वण दाखवले. रामटेकला ती माझ्या मागच्या सीटवर बसली होती, माझी सुट्टी खरी समजून. सगळं ऐकून म्हणाली, ‘‘अन् आम्ही हसलो होतो.’’ भाऊबीजेला ती कामावर गेली. तोंड फुगवून गेली, पण गेली.

तिचा भाऊ सकाळी दहाला आला. मी त्याला जेवू घातलं. दुपारी पलंगावर पड म्हटलं तर पडेना. नवा शर्ट घालून आला होता, चुरगळेल म्हणाला. चार वाजता खुर्ची दारापाशी नेली. फाटक वाजलं की उठायचा, पुन्हा बसायचा. मी आत ओवाळणीचं ताट लावून ठेवलं होतं. तिथून त्याची पाठ दिसत होती. सून आठला आली, तोवर मी ती पाठ पाहत बसले.